काळ्या पाषाणातला बुडबुडा

एक दगड शोधा.

फार लांब जायला नको. महाराष्ट्रात काळा दगड शोधावा लागत नाही, तो पायात येतो. नदीच्या घाटाची पायरी चालेल. विहिरीचा काठ चालेल. परसात कलंडून पडलेला, वरवंटा हरवलेला पाटा चालेल. गडावर असाल तर प्रश्नच नाही.

तुम्ही भंडाऱ्याचे, गडचिरोलीचे, सावंतवाडीचे असाल तर पायाखालचा दगड निराळा असेल. आजच्यापुरता शेजारच्या जिल्ह्यातला उसना घ्या. रत्नागिरीत हाताला जांभा लागेल. तोही मुळात हाच काळा दगड, लाखो वर्षांचे पाऊस खाऊन तांबडा झालेला.

दगडाजवळ बसा. मांडी घाला किंवा पाय सोडून बसा. पाठीला त्रास होणार नाही असे बसलात, की झाले.

आता तळहात दगडावर ठेवा.

दाबू नका. नुसता ठेवा.

श्वास येतो आहे. श्वास जातो आहे. त्याचे तुम्ही काही करायचे नाही.

दगड कसा लागतो? सकाळ असेल तर गार लागेल. दुपार असेल तर वरचा पातळ थर तापलेला असेल, आणि हात जरा वेळ तसाच राहिला की त्याखालचा गारवा वर यायला लागेल.

तो गारवा येऊ द्या.

थोडा वेळ तेवढेच.

डोळे मिटले असतील तर उघडा. दगड जवळून पाहा. नाक टेकेल इतक्या जवळून.

त्यावर बारीक भोके दिसतील. घडीव पायरीवर ती कमी सापडतात, कारण पाथरवट घडवायला भरीव दगड निवडतो. ओबडधोबड दगडात जास्त असतात. एखादे टाचणी जाईल एवढे. एखादे करंगळीचे टोक बसेल एवढे.

त्यातले एक निवडा. मोठे असेल तर त्यात बोट घाला.

कड फिरवून पाहा. गोल आहे, किंवा एका बाजूला किंचित लांबट. आतली भिंत मऊ वळणाची आहे. छिन्नीने केलेले भोक असे नसते. किड्याने पोखरलेलेही असे नसते.

हा बुडबुडा आहे.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा.

आकडा मनात मावत नसेल तर मावू देऊ नका. सोडून द्या. बुडबुडा बोटाखाली आहे, त्याच्याजवळ राहा.

तेव्हा हा दगड वाहतो आहे. लाल, जड, वर काळी खपली धरत सरकणारा रस. त्याची उष्णता 1100 ते 1200 अंश सेल्सिअस. रसात वायू विरघळलेले आहेत. पाण्याची वाफ आहे, कार्बन डायऑक्साइड आहे, गंधकाचे वायू आहेत. जमिनीच्या पोटात असताना वरच्या भाराने ते रसातच दबून असतात. रस वर येतो, भार उतरतो, आणि वायू सुटे होऊन बुडबुडे धरायला लागतात.

तव्यावर घावन घातल्यावर वरच्या अंगाला जाळी पडते, तसेच इथे होते. पीठ ओले आहे तोवर भोके फुटतात, मिटतात. पीठ धरले की उरली ती जाळी कायमची. लाव्हाचा थर वरून थिजत येतो आणि वर निघालेले बुडबुडे वाटेत अडकतात. म्हणून एकाच थराचे पोट भरीव असते आणि माथा सच्छिद्र.

वायू केव्हाच गेला. त्याची जागा राहिली.

श्वास सोडा. पुरता सोडा.

सोडून झाल्यावर, पुढचा आत येण्याआधी, एक लहानशी रिकामी जागा असते. तिथे घाई करू नका.

तिथे जरा थांबा.

पुन्हा एकदा. श्वास सोडा. थांबा.

काही पोकळ्या रिकाम्या राहत नाहीत. दगड गार झाल्यावर त्याच्या भेगांतून पाणी झिरपते, आणि पाण्यात विरघळलेली खनिजे पोकळीच्या भिंतीला कणाकणाने चिकटतात. आत, पूर्ण अंधारात, स्फटिक वाढतात. पांढरे कॅल्साइट. मोतिया, गुलाबीसर स्टिलबाइट. फिकट हिरवे ॲपोफिलाइट, ज्याच्या कडा इतक्या सरळ असतात की कोणी पैलू पाडले असावेत असे वाटते.

अजिंठ्याला, वेरूळला गेलात तर विक्रेते हेच दगड घेऊन मागे लागतात. वरून काळपट, ओबडधोबड गोळा. दोन अर्धुके उघडून दाखवतात आणि आत लखलख. आपण घासाघीस करतो, बस सुटायची वेळ झालेली असते, कोणी नीट बघत नाही. नाशिकजवळ सिन्नरला अशा खनिजांचे एक संग्रहालय आहे, तिथे निवांत बघता येते.

तुमच्या पोकळीत असे काही नसेलही. हरकत नाही. रिकामी पोकळीही पुष्कळ झाली.

तिच्यात बोट राहू द्या.

आता मान वर करा. समोर डोंगर असेल तर डोंगराकडे पाहा. नसेल तर आठवा. सह्याद्री आठवायला फार कष्ट पडत नाहीत.

डोंगराच्या अंगावर आडव्या रेघा आहेत. एक उभा कडा, मग जरा उताराची पट्टी, तिच्यावर गवत आणि झुडपे. पुन्हा कडा. पुन्हा गवत. दरीपलीकडच्या डोंगरावरही त्याच रेघा, जवळजवळ त्याच उंचीवर.

खालपासून वर मोजत जा. मोजणी चुकली तरी चालेल.

हे लाव्हाचे थर आहेत. एक थर वाहिला, निवला. त्याच्यावर दुसरा आला. कड्याचा भाग म्हणजे थराचे भरीव पोट. गवताची पट्टी म्हणजे सच्छिद्र माथा. तो लवकर झिजतो, त्यात माती धरते, त्या मातीत गवत रुजते.

तुमच्या बोटाखालच्या बुडबुड्यांनीच त्या गवताला जागा करून दिली आहे.

पाहत राहा.

घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी तांबडा पट्टा दिसतो. हातभर, कधी त्याहून जाड. एक थर निवल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळाची ती खूण. खालचा दगड तेवढ्या अवधीत झिजला, त्याची माती झाली, पाऊस पडला. काही ठिकाणी अशा दोन थरांच्या मध्ये तळ्यांचा गाळ सापडतो, गाळात शंखशिंपले आणि वनस्पतींचे अवशेष.

मग वरून पुढचा थर आला.

आपण उद्रेकाकडे पाहतो. मला त्या तांबड्या पट्ट्याकडे पाहावेसे वाटते. काही घडत नसतानाचा काळ इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

त्या पट्ट्याजवळ थांबा.

श्वास येतो. श्वास जातो.

ज्वालामुखी म्हटले की डोळ्यांपुढे शंकूसारखा पर्वत येतो, टोकाला मुख, मुखातून धूर. ते चित्र सावकाश पुसा. इथे तसा पर्वत नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि रस त्यांतून पसरत गेला. धुळे आणि नंदुरबारकडे शेतांमधून मैलोगणती जाणाऱ्या काळ्या दगडी भिंती दिसतात. कोणी बांधल्या नाहीत. भेगांत थिजून राहिलेला तो रस आहे. भोवतालचा दगड झिजला, भिंत उरली.

पसरलेला दगड आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास होते, नागपूरकडे जावे तसतशी ती कमी होत जाते. याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्याशी एक प्रचंड अशनी आदळला आणि डायनोसॉर संपले. त्यात या लाव्हाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. आज आपण त्यात पडायचे नाही.

हात दगडावर आहे ना?

आता खाली जाऊ.

शरीर जागेवरच राहू द्या. लक्ष फक्त तळहातातून खाली सोडा. दोरीने बादली सोडतात तितक्या सावकाश.

काळा दगड. त्याखाली काळा दगड. एक थर, तांबडा पट्टा, दुसरा थर.

उजेड नाही. आवाज नाही.

कोयनेच्या परिसरात 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे मोठा भूकंप झाला. माणसे झोपेत होती. तिथली जमीन आजही अधूनमधून हलते. ती का हलते हे समजावे म्हणून शास्त्रज्ञांनी तिथे जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडले. पहिला सव्वा किलोमीटर त्यांना फक्त हा काळा दगड लागला. मग तो संपला. त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा, पट्ट्यापट्ट्यांचा, करड्या रंगाचा दगड निघाला. लाव्हा आला तेव्हाही तो म्हातारा होता. त्याचे वय अब्जावधी वर्षांत मोजतात.

इथे जरा थांबा. काळ्याखालच्या करड्यापाशी.

ज्यांच्या घरांखाली ही जमीन हलली त्यांनाही क्षणभर मनात असू द्या.

अजून खाली.

आता गारवा मागे राहिला आहे. जमिनीत साधारणपणे दर किलोमीटरला 25 ते 30 अंशांनी उष्णता वाढत जाते. कोकणात हे पायांनाच कळते. दापोलीजवळ उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी. तिथल्या कुंडांतले ऊन पाणी ज्वालामुखीने तापलेले नाही. पावसाचेच पाणी भेगांतून खोल उतरते, तिथली ऊब घेते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कुंडाच्या पायरीवर बसून पाय सोडले की पहिल्यांदा चटका बसतो, पाय आपोआप वर येतात. मग हळूहळू सोसवते. गंधकाचा वास नाकात बसतो आणि घरी पोचेपर्यंत टॉवेलला राहतो.

ती ऊब खालून आलेली आहे.

तळहाताकडे लक्ष द्या. वर गार दगड. खाली, फार खाली, ऊब. दोन्ही एकदम जाणवतात का पाहा. नाही जाणवले तरी चालेल.

माणूस जमिनीत सर्वांत खोल पोचला तो रशियाच्या उत्तरेला, कोला द्वीपकल्पावर. माणूस म्हणजे त्याची कूपनलिका. 1970 साली खणायला सुरुवात झाली आणि 1989 साली ती 12,262 मीटरवर गेली. तळाशी 180 अंश उष्णता लागली. हत्यारे चालेनात.

पृथ्वीच्या मध्यापर्यंतचे अंतर 6371 किलोमीटर. त्यातले बारा किलोमीटर.

पुढचे कोणी पाहिलेले नाही. पुढचे सगळे ऐकलेले आहे.

म्हणून आपणही आता ऐकायला लागू.

जरा वेळ डोळे मिटा.

आधी जवळचे आवाज. पंखा असेल, कावळा असेल, रस्त्यावरची गाडी असेल. ते असू द्या. मग त्यांच्यामागचे आवाज. मग आपल्याच कानातली हलकी गुणगुण.

त्याच्याही मागे काही आहे का, ऐकत राहा.

पृथ्वीवर कुठे मोठा भूकंप झाला की त्याच्या लहरी तिच्या अंगातून आरपार जातात आणि दुसऱ्या बाजूला उमटतात. काही लवकर पोचतात, काही उशिरा, काही वळून येतात. एक जात अशी आहे की द्रवातून ती जातच नाही. वेळेवर आलेल्या, उशिरा आलेल्या आणि न आलेल्या लहरींवरून आत काय असेल हे ताडायचे. सगळी विद्या एवढीच.

रिचर्ड ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात होते. 1897 साली शिलाँगच्या पठारावर झालेल्या भूकंपाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि लहरींच्या निरनिराळ्या जाती ओळखल्या. 1906 साली त्यांनी दाखवून दिले की पृथ्वीच्या आत निराळ्या पदार्थाचा गाभा आहे. डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी 1936 साली त्याच्याही आत आणखी एक गाभा असल्याचे ओळखले. न्यूझीलंडला झालेल्या एका भूकंपाच्या लहरी यायला नकोत तिथे उमटल्या होत्या. बाकीच्यांनीही त्या खुणा पाहिल्या होत्या. लेमानबाई त्यांच्यापाशी थांबल्या. पुढे त्या 104 वर्षांच्या झाल्या.

थांबणे जमले पाहिजे.

ऐकत ऐकत खाली जा.

खंडांखाली तीस-चाळीस किलोमीटरवर भूकवच संपते. तिथून प्रावरण लागते आणि ते 2890 किलोमीटर खोलीपर्यंत जाते. पृथ्वीचे बहुतेक अंग म्हणजे हे प्रावरण.

शाळेच्या पुस्तकात पृथ्वी मधोमध कापलेली असते आणि आत सगळे लाल-पिवळे. त्यामुळे आपल्याला जन्मभर वाटत राहते की पायाखाली आगीचा समुद्र आहे आणि आपण त्याच्यावरच्या पापुद्र्यावर संसार मांडून बसलो आहोत. ते पुस्तक आता मिटा.

प्रावरण घट्ट आहे. दगडच आहे तो. त्यात ऑलिव्हिन नावाचे हिरवे खनिज भरपूर असते.

आगीच्या जागी हिरवा दगड ठेवून पाहा.

हजाराहून अधिक अंश तापलेला. तरी न वितळलेला.

आणि घट्ट असूनही तो सरकतो. वर्षाला काही सेंटीमीटर. खालचा तापलेला भाग वर येतो, वरचा निवलेला खाली जातो. एक फेरा पुरा व्हायला कोट्यवधी वर्षे लागतात.

घट्ट, आणि तरी वाहता. हे दोन शब्द एकमेकांशेजारी राहू द्या. त्यांचा मेळ घालू नका.

श्वास येतो.

श्वास जातो.

अजून खाली. 2890 किलोमीटरवर दगड संपतो आणि लोखंड लागते. लोखंड आणि थोडे निकेल, वितळलेले. हा बाह्य गाभा, आणि हा मात्र खरोखरच वाहता आहे. इथेच ती हट्टी लहर अडते. हे लोखंड घुसळत असते, आणि त्या हालचालीतून पृथ्वीचे चुंबकत्व उत्पन्न होते. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते ती याच्यामुळे.

त्याची नोंद ठेवणारी एक जागा आपल्याकडे आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात चुंबकीय मोजमापे घेतली जात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्या विजेने सुया बिथरतील, म्हणून 1904 साली मोजमापे अलिबागला नेली. अलिबागला ती आजही चालू आहेत. सुईची रोजची थरथर वरून येते, सूर्याकडून. वर्षानुवर्षांचा संथ बदल आतून येतो, त्या लोखंडाकडून. समुद्रावर भेळ खायला आलेल्या माणसांना याचा पत्ता नसतो.

सगळ्यांत आत अंतर्गाभा. पुन्हा लोखंड, पण घट्ट. उष्णता पाच हजार अंशांच्या वर, आणि दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या 36 लाख पट. एवढ्या भाराखाली लोखंडाला वितळताच येत नाही.

इथून खाली जायला जागा नाही. इथून कुठेही गेले तरी वर.

इथे बसा.

काही दिसत नाही. काही दिसायचे नाही.

फक्त भार. सगळीकडून सारखा.

हाताखाली अजून तोच दगड आहे. श्वास अजून चालू आहे.

घाई नाही.

आता परत निघू. या वाटेवर लक्ष नीट असू द्या, कारण बुडबुड्याची गोष्ट इथे आहे.

प्रावरणाच्या तळाशी कुठेतरी दगड भोवतीच्या दगडाहून जास्त तापतो. तापला की तो हलका होतो. हलका झाला की वर निघतो. अजून घट्टच आहे. इंचाइंचाने, कोट्यवधी वर्षे, वर.

त्याची उष्णता फारशी बदलत नाही. बदलतो तो वरचा भार. तो दर पावलाला कमी होतो.

भार कमी होतो.

भार आणखी कमी होतो.

आणि जमीन शंभरेक किलोमीटरवर उरली असताना, कुणी जाळ वाढवलेला नसताना, दगड वितळायला लागतो.

हे पुन्हा वाचा. सावकाश.

जास्त तापला म्हणून तो वितळत नाही. दाब उतरला म्हणून वितळतो. इतका वेळ भाराने त्याला घट्ट धरून ठेवले होते.

यातून माणसाच्या आयुष्याविषयी काहीतरी बोध काढायचा मोह होईल. मलाही होतो. काढू नये. दगडाला दगडच राहू द्यावे.

सगळा दगड वितळत नाही, थोडाच भाग वितळतो. कणाकणांच्या फटींत रसाचे थेंब जमतात. थेंबाला थेंब मिळतो. हा शिलारस. भोवतीच्या दगडापेक्षा तो हलका असतो, म्हणून भेगा शोधत वर सरकतो, कवचात मध्येच साठतो, मुक्काम करतो, पुन्हा निघतो.

त्याच्याबरोबर वर या. घाई न करता.

करडा दगड मागे पडला. मागच्या उद्रेकांचे काळे थर मागे पडले. रसातले वायू सुटायला लागले आहेत. बुडबुडा धरतो आहे.

श्वास आत घ्या.

भेग उघडते. हवा लागते.

श्वास सोडा.

रस पसरतो, खपली धरतो, पोटात कितीतरी वर्षे ऊन राहतो आणि निवतो. निवता निवता आणखी एक गोष्ट होते. रसात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. उष्णता 580 अंशांच्या खाली आली की त्यांतले चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे दिशा धरते आणि तिथेच पक्के होते. 2890 किलोमीटरहूनही खोल घुसळणाऱ्या लोखंडाची त्या काळची दिशा, तुमच्या हाताखालच्या दगडात.

शास्त्रज्ञांनी हा दगड कापून, मापून पाहिला आहे. सह्याद्रीच्या कितीतरी थरांत ती दिशा उलटी निघते. तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय उत्तर-दक्षिण ध्रुव उलटे होते. आणि त्या दिशेच्या उतारावरून असेही कळते की दगड निवला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

दक्षिणेला.

त्या जमिनीवर वाई नव्हती, नाशिक नव्हते, हिमालयही नव्हता.

हात थोडा हलवा. बोटे मिटा, उघडा.

ज्या उष्णतेवरून ही जमीन तेव्हा जात होती, ती जागा आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि त्याच्या मागे समुद्रात ज्वालामुखींची रांग उमटत राहिली. लक्षद्वीप, मालदीव, छागोस या बेटांच्या पायाशी तोच काळा दगड आहे, वर प्रवाळ. मॉरिशसही त्याच रांगेतले, वयाने कोटीच्या आतले. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि देशावरून मराठी माणसे तिथे उसाच्या कामाला गेली. शेत मोकळे करताना जे काळे धोंडे त्यांना उचलावे लागले ते त्यांच्या ओळखीचे असणार. त्या धोंड्यांच्या राशी उसाच्या फडांमध्ये अजून उभ्या दिसतात.

रीयुनियनवरचा ज्वालामुखी, पितों द ला फुर्नेझ, 2632 मीटर उंच आहे आणि वरचेवर जागा होतो. लाव्हा कधी कधी समुद्रापर्यंत जातो, रस्ता बंद होतो, मग तो निवल्यावर नवा रस्ता करतात. ज्यांच्या खिडकीतून दिसतो त्यांना तो रोजचा आहे.

आता दोन्ही हात मांडीवर घ्या. दगडाला त्याच्या जागी राहू द्या.

भारतीय भूपट्ट अजून थांबलेला नाही. वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर, ईशान्येकडे. हे वाचत, थांबत, श्वास घेत तुम्ही वीस मिनिटे बसला असाल, तर तेवढ्या वेळात तुम्ही, दगड आणि घाट मिळून मिलिमीटरचा पाचशेवा भाग पुढे गेला आहात. पाय बधिर झाले असतील. उठण्याआधी घोटे जरा फिरवून घ्या.